जुना मल्टिमीटर: लॅबमधलं कॅलिब्रेशन की घरची पडताळणी?

व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स मोजणारा जुना मल्टिमीटर बरोबर दाखवतो का, हे पाहायला छंद म्हणून सर्किट जोडणाऱ्याला माझ्या मते घरची पडताळणी पुरते.

लॅबमध्ये मीटर प्रमाणित उपकरणांशी ताडून पाहतात आणि प्रत्येक रेंजची (मोजण्याच्या टप्प्याची) चूक, अनिश्चिततेसह (म्हणजे तो आकडा किती इकडेतिकडे असू शकतो त्यासह), प्रमाणपत्रावर लिहून देतात. पण कॅलिब्रेशन म्हणजे दुरुस्ती नव्हे. अ‍ॅडजस्टमेंट, म्हणजे चूक सुधारून घेणं, वेगळं सांगितलं नाही, तर चुकणारा मीटर चुकतच परत येऊ शकतो, फक्त किती चुकतो ते कळलेलं असतं. शिवाय साध्या जुन्या मीटरपेक्षा हा खर्च सहज जास्त होतो. मोजमापावर दुसऱ्याचं काम किंवा सुरक्षितता अवलंबून असेल, तर मात्र लॅबला पर्याय नाही.

घरी काय लागतं? एडी५८४ सारखी व्होल्टेज रेफरन्स चिप (ठरावीक, स्थिर व्होल्टेज देणारी चिप) १०, ७.५, ५ आणि २.५ व्होल्ट देते. सोबत ०.१ टक्का टॉलरन्सचे (लिहिलेल्या मूल्यापासून जास्तीत जास्त तेवढाच फरक असलेले) चार-पाच रेझिस्टर घ्या आणि मीटर त्यांची मूल्यं बरोबर दाखवतो का ते बघा. मीटरची स्वतःची अचूकता ०.५ टक्के असेल, तर एवढं भरपूर आहे. ५ व्होल्टला ५.०२ दिसले तर मीटर ठणठणीत समजा. एसी रेंज मात्र घरी नीट तपासता येत नाही, तिथे लॅबच सरस.

आणि आधी बॅटरी बदला! ती उतरली की अनेक जुने मीटर खरं मूल्य सोडून जास्तच दाखवतात. रोटरी स्विचचे गंजलेले कॉन्टॅक्टही आकडे नाचवतात. प्रोबच्या वायरी आणि फ्यूज नीट बघा. अचूक मीटर सुरक्षित असतोच असं नाही.