कळांची वाट पाहायची की मुहूर्तावर सिझेरियन?

मंगळवार पेठेतल्या माझ्या मावसबहिणीला ३७वा आठवडा संपत आलाय. सासूबाईंनी पुढच्याच आठवड्यातला मुहूर्त काढून आणलाय, तिला मात्र कळांची वाट पाहावीशी वाटते.

माझ्या मते पहिला प्रश्न बाळाच्या फुप्फुसांचा. पोटात ती पाण्यानं भरलेली असतात. कळा सुरू झाल्या की संप्रेरकांमुळं ते पाणी शोषलं जाऊ लागतं. कळांआधीच, त्यातही ३९ आठवडे भरण्याआधी सिझेरियन केलं, तर बाळाला धाप लागून काचेच्या पेटीत ठेवावं लागण्याची शक्यता वाढते. म्हणून हा मुहूर्त मला अजिबात मान्य नाही.

आईचं म्हणाल तर नॉर्मलला कळा सोसाव्या लागतात, टाकेही पडू शकतात, पण ती लवकर हिंडूफिरू लागते. सिझेरियन हे पोटाचं ऑपरेशन. सावरायला साधारण सहा आठवडे जातात, आणि पुढच्या खेपेला वार (पोटातल्या बाळाला नाळेतून पोषण देणारा अवयव) जुन्या व्रणावर चिकटण्याचा धोका राहतो. खर्चाचं थोडक्यात: कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात दोन्ही मोफत, खासगीत सिझेरियन महाग.

बाळ आडवं असेल किंवा वार गर्भाशयाचं तोंड झाकत असेल, तर सिझेरियनच. त्यात आईनं अपराधी वाटून घेऊ नये. डोकं खाली आणि रक्तदाब, साखर ठीक असेल, तर कळांची वाट पाहावी. कळांची फार धास्ती असेल, तर आधी एपिड्युरलबद्दल, म्हणजे कळांच्या वेदना कमी करायला पाठीतून देतात त्या औषधाबद्दल, डॉक्टरांना विचारावं. तरीही तारीखच हवी असेल, तर ३९ आठवडे भरल्यानंतरची.