गाठी दिसल्यावर: प्रतिकारक टोमॅटो की झेंडूची फेरपालट?

शेवटचा खुडा झाल्यावर झाड उपटले आणि मुळांवर मण्यांसारख्या, बोटांनी चोळूनही न सुटणाऱ्या गाठी दिसल्या, तर पिंपळगाव बसवंतच्या बाजारासाठी टोमॅटो पिकवणाऱ्या शेतकऱ्यासमोर मुख्यतः दोन मार्ग उरतात: प्रतिकारक वाण लावणे किंवा त्या वावरात आधी झेंडू घेणे. या गाठी सूत्रकृमी करतात, म्हणजे मुळांत शिरून पोसणारे धाग्यासारखे सूक्ष्म कृमी. दोन्ही मार्गांत त्यांच्याशी लढते ते मूळच. लढण्याची रीत मात्र अगदी निराळी आहे.

प्रतिकारक टोमॅटोत एमआय-१ हा जनुक असतो. तो १९४० च्या दशकात एका जंगली टोमॅटोपासून संकराने आणला गेला. असे मूळ सूत्रकृमीला आत येऊ देते, पण तो जिथे कायमचे ठाण मांडून पेशी फुगवू पाहतो, तिथल्या पेशी स्वतःच मरतात आणि कृमीची उपासमार होते. ही युक्ती जमिनीचे तापमान साधारण २८ अंशांच्या वर गेले की ढिली पडते. म्हणूनच फेब्रुवारी-मार्चची लागवड, त्यात काळा मल्चिंग पेपर, असा बेत असेल तर एप्रिल-मेमध्ये प्रतिकारक वाणावरही गाठी येऊ शकतात, आणि दोष मात्र बियाण्याला दिला जातो. जून-जुलैच्या लागवडीत हा धोका बराच कमी असतो. पूर्वी पेरूची बाग असलेल्या वावरात आणखी एक शंका धरावी, कारण पेरूवरील मेलॉइडोगायनी एन्टरोलोबी या सूत्रकृमीच्या जातीपुढे हा जनुक चालत नाही.

झेंडूचे मूळ विषारी असते. त्यातील अल्फा-टर्थिनिल हे द्रव्य सूत्रकृमींना मारक असल्याचे १९५८ मध्ये दाखवले गेले. कृमी आत शिरला की मुळातील विकरे (एन्झाइम) या द्रव्याला कार्यरत करतात. त्यामुळे काम होते ते जिवंत मुळांत. टोमॅटोच्या कडेने लावलेली एखादी ओळ शोभेपलीकडे फारसे काही देत नाही. पूर्ण वावरात दाट लागवड किमान दोन-अडीच महिने उभी राहावी लागते. शिवाय या कामी लहान फुलांचा मखमल प्रकार सहसा अधिक भरवशाचा, तर दसऱ्याच्या तोरणासाठी मागणी टपोऱ्या फुलांना. ही ओढाताण हिशेबात धरूनच वाण निवडावा.

गाठी तुरळक असून खरिपाचा टोमॅटो सोडणे परवडणारे नसेल, तर माझ्या मते प्रतिकारक वाण घ्यावा, मात्र तोच जनुक दरवर्षी त्याच वावरात वापरू नये. त्याला न जुमानणारे कृमी मग हळूहळू वाढतात. मुळे गाठींनी लगडलेली असतील, तर एक खरीप झेंडूला देऊन दिवाळीनंतर प्रतिकारक टोमॅटो लावणे मला अधिक सयुक्तिक वाटते. त्या काळात झेंडूच्या सरींत कामोणी मात्र उगवू देऊ नये, कारण तिच्या मुळांवर हाच सूत्रकृमी सुखाने पोसला जातो.