ट्रॅडिशनल की रॉथ? न्यू जर्सीत बसून मांडलेला आयआरएचा हिशेब

कंपनीचं ४०१(के), म्हणजे पगारातून निवृत्तीसाठी पैसे कापून ठेवणारं खातं, चालू आहे, कंपनी जेवढी भर घालते तेवढे पैसे तरी त्यात जातात आणि आता वर उरलेल्या रकमेसाठी आयआरए, म्हणजे निवृत्तीसाठीचं स्वतःचं वेगळं खातं, उघडायचं आहे, इथपर्यंत तुम्ही आलेले आहात असं धरून चालतो. प्रश्न एवढाच उरतो, ट्रॅडिशनल की रॉथ. ट्रॅडिशनलमध्ये भरताना करात वजावट मिळू शकते आणि काढताना कर लागतो; रॉथमध्ये कर भरलेलाच पैसा जातो आणि म्हातारपणी काढताना कर नसतो. आमच्या घरात दोन्ही खाती आहेत. बरीच वर्षं ट्रॅडिशनलमध्ये भरत होतो, आता फक्त रॉथमध्ये भरतो. त्यामुळे माझा कल कुठे आहे ते लपवत नाही, पण तो प्रत्येकाला लागू पडेलच असं नाही.

मर्यादा दोन्ही खात्यांना मिळून एकच आहे. २०२५ सालासाठी ७,००० डॉलर, पन्नाशी गाठली असेल तर ८,०००. २०२६ साठी तीच ७,५०० आणि ८,६००. अट अशी की उत्पन्न कष्टाचं हवं. पगार किंवा धंद्याची कमाई चालते. बँकेचं व्याज, लाभांश, घरभाडं चालत नाही. जोडीदाराची नोकरी नसेल तरी जॉइंट रिटर्न (नवराबायकोचं एकत्र करविवरण) भरत असाल तर एकाच्या पगारावर दोघांच्या नावाने वेगवेगळी खाती भरता येतात. एच-४ वर (जोडीदाराच्या व्हिसावर) घरी असलेल्या बायकोच्या किंवा नवऱ्याच्या नावाने असं खातं उघडलेलं मी ओळखीत फारसं पाहिलेलं नाही, आणि त्याचं मला नेहमी नवल वाटतं.

पात्रतेत लोकांचा गोंधळ होतो तो भरणं आणि वजावट मिळणं या दोन गोष्टी एकत्र केल्यामुळे. ट्रॅडिशनलमध्ये कमावणारा कोणीही भरू शकतो. साडेसत्तर वर्षांची जुनी वयाची अटही २०२० पासून गेली. पण कंपनीचा रिटायरमेंट प्लॅन लागू असेल, तर २०२५ च्या नियमाने एकट्याला ७९,००० डॉलरपासून आणि जॉइंट रिटर्नला १,२६,००० पासून वजावट कमी होत जाते. ८९,००० आणि १,४६,००० ला ती शून्य होते. रॉथचं उलटं आहे. वजावट कधीच नाही, दारावरच उत्पन्न बघतात: २०२५ साठी एकट्याला १,५०,००० ते १,६५,०००, जॉइंटला २,३६,००० ते २,४६,००० या पट्ट्यात भरता येणारी रक्कम घटत जाते. त्याच्या वर थेट भरता येत नाही. नवराबायको एकत्र राहून वेगवेगळे रिटर्न भरत असतील तर मात्र ही खिडकी १०,००० डॉलरलाच बंद होते.

म्हणजे २०२५ च्या आकड्यांनी, दोघांनाही कंपनीचा प्लॅन आहे आणि जॉइंट उत्पन्न १,४६,००० ते २,३६,००० च्या मध्ये आहे, तर डोकं खाजवायची गरज नाही. दोन्हीकडे कर भरलेलाच पैसा जाणार, मग वाढीवरही कर न लागणारं रॉथ सोडून दुसरीकडे का जायचं?

खरी निवड उत्पन्न त्याहून कमी असेल तेव्हा असते. आम्ही ती केली तेव्हा वजावट पूर्ण मिळत होती. नेहमीचा युक्तिवाद तुम्ही ऐकला असेलच: आज कराचा दर जास्त आणि म्हातारपणी कमी वाटत असेल तर ट्रॅडिशनल, उलट वाटत असेल तर रॉथ. युक्तिवाद बिनचूक आहे, फक्त तीस वर्षांनंतरचे दर कोणालाच ठाऊक नाहीत. मला यावर ठरवता आलं नाही. माझं ठरलं ते कागदांच्या त्रासामुळे.

न्यू जर्सी राज्य ट्रॅडिशनल आयआरएची वजावट मानत नाही. ४०१(के) ची मानतं, आयआरएची नाही. २२ टक्क्यांच्या गटात ७,००० डॉलर भरले की केंद्राचे १,५४० वाचतात, राज्याचं काहीच नाही. तेवढ्यावर माझी तक्रार नव्हती. पण राज्याने तो पैसा भरतानाच करपात्र धरलेला असल्यामुळे पुढे काढताना तेवढा भाग राज्याच्या करातून वगळायचा असतो, आणि त्यासाठी कोणत्या वर्षी किती भरले याची नोंद आपणच जपायची. केंद्राच्या लेखी ज्या खात्यात कर भरलेला एकही डॉलर नाही, त्याच खात्यात राज्याच्या लेखी तसे हजारो आहेत. एका खात्याला दोन वह्या. कॅलिफोर्नियातल्या मित्राला हे सांगितलं तर त्याला वाटलं मी अतिशयोक्ती करतोय. त्याच्या राज्यात वजावट मिळते, त्याला हे दुखणंच नाही.

पुढे पगार वाढले, केंद्राचीही वजावट गेली. त्यानंतर भरलेल्या रकमेसाठी फॉर्म ८६०६ (वजावट न घेता भरलेल्या पैशाची नोंद) भरायचा आणि त्यावरचा कर भरलेल्या पैशाचा आकडा पुढच्या फॉर्मवर न्यायचा, शेवटचा डॉलर बाहेर येईपर्यंत. एका वर्षी आमचे रिटर्न करणाऱ्याने सॉफ्टवेअर बदललं आणि मागच्या वर्षांचा आकडा शून्य होऊन आला. जुनं रिटर्न शेजारी ठेवून ताडत होतो म्हणून दिसलं. त्याने दुरुस्त केलं, वाद काही झाला नाही. पण तो शून्य तसाच राहिला असता तर त्याच पैशावर दुसऱ्यांदा कर लागला असता, आणि हे पंचाहत्तरीत कोण शोधणार? मी नसेन तेव्हा बायकोने कपाटातून कोणते फॉर्म काढायचे? त्या वर्षापासून नवे पैसे रॉथमध्ये.

कागद रॉथलाही लागतात. वाढीला हात न लावता भरलेली मुद्दल कधीही कर किंवा दंडाशिवाय काढता येते, पण त्यासाठी मुद्दल किती हे माहीत असावं लागतं. मात्र वय साडेएकोणसाठ झालं आणि पहिलं रॉथ खातं पाच वर्षांचं झालं की तोही प्रश्न मिटतो. शिवाय ट्रॅडिशनलमधून ७३ व्या वर्षापासून (१९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ७५) दरवर्षी सक्तीने पैसे काढावे लागतात, तशी सक्ती रॉथच्या खातेदारावर हयातीत नाही.

रॉथमध्ये मला खटकतं ते हे, की वर्ष संपेपर्यंत आपण पात्र आहोत की नाही ते कळत नाही. बोनस आला, कंपनीचे शेअर हातात पडले, आणि मर्यादा ओलांडली. जास्तीची रक्कम खात्यात राहिली तर दर वर्षी सहा टक्के दंड. मुदतीत ती ट्रॅडिशनलमध्ये वळवता येते, पण मग पुन्हा तोच ८६०६. म्हणून मी जानेवारीत भरतच नाही. पुढच्या वर्षी डब्ल्यू-२ (कंपनीने दिलेला वर्षभराच्या पगाराचा दाखला) हातात आला की मागच्या वर्षाचे भरतो. वर्षभराची वाढ हुकते, ते मला चालतं. मर्यादेच्या काठावर असाल तर ४०१(के) मध्ये करपूर्व रक्कम वाढवून पाहा, हिशेबात धरलं जाणारं उत्पन्न तेवढंच खाली येतं.

मर्यादेच्या बरेच वर असलेले लोक ट्रॅडिशनलमध्ये भरून ते रॉथमध्ये वळवतात. २०१० पासून वळवण्याला उत्पन्नाची अट नाही. इथे जुनं ट्रॅडिशनल आडवं येतं. समजा तुमच्या सगळ्या ट्रॅडिशनल खात्यांत मिळून ९३,००० डॉलर करपूर्व आणि ७,००० कर भरलेले आहेत. तुम्ही म्हणाल, फक्त हे ७,००० वळवतो. तसं चालत नाही, सगळी खाती एकत्र धरून प्रमाण काढतात. त्या ७,००० पैकी सात टक्के, म्हणजे ४९०, करमुक्त आणि बाकी ६,५१० वर कर. कंपनीचा ४०१(के) आत घेत असेल तर करपूर्व भाग आधी तिथे हलवता येतो. नोकरी बदलताना जुना ४०१(के) ट्रॅडिशनल आयआरएत आणायचा सल्ला सर्रास दिला जातो, त्याआधी हे लक्षात घ्या.

पुढच्या काही वर्षांत पुण्याला किंवा नाशिकला परतायचं नक्की असेल, तर मात्र माझं पारडं एवढ्या ठामपणे रॉथकडे झुकणार नाही. २०२१ मध्ये भारताच्या आयकर कायद्यात आलेली तरतूद (तेव्हाचं कलम ८९अ) अमेरिकेतल्या अशा खात्यांवरचा भारतातला कर पैसे काढेपर्यंत पुढे ढकलू देते. पण तिची रचना काढताना कर लागणाऱ्या खात्यांसाठी आहे. रॉथवर इथे काढताना कर नसतो, त्यामुळे ते तिच्यात सरळ बसत नाही, आणि भारतात पूर्ण रहिवासी झाल्यावर त्याच्या वाढीवर तिथे कर लागू शकतो. दोन्ही देशांचे रिटर्न करणाऱ्या सीएशी बोलूनच ठरवा. आमचं परतायचं बोलणं दर दिवाळीला होतं आणि तिथेच राहतं, म्हणून मी रॉथवर निश्चिंत आहे.

मागच्या वर्षाचे पैसे १५ एप्रिलपर्यंत भरता येतात. मात्र भरताना ब्रोकरच्या पानावर वर्ष स्वतः निवडा; नाहीतर ते चालू वर्षाचे म्हणून धरले जातात.