शिबिरातला पाय की खाजगी सेंटरचा? दोन्ही घालून झालेल्या माणसाचं मत

मागच्या महिन्यात एकाने विचारलं, वडिलांचा पाय शुगरने गुडघ्याखाली कापावा लागला, आता कृत्रिम पायासाठी शिबिरात न्यायचं की शहरातल्या सेंटरवर पैसे घालायचे. माझा पहिला पाय शिबिरातला, दुसरा खाजगी, म्हणून लिहितो. वजन, मटेरियल वगैरे कुठेही वाचायला मिळेल, मी फक्त माणसं कशी वागतात आणि पाय टोचायला लागला तर कोण बघतं एवढंच सांगणार.

शिबिरात पैसे लागत नाहीत, आणि ही छोटी गोष्ट नाहीये. तिथे मिळणारा जयपूर फूट रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. पी. के. सेठींनी बनवला तो अनवाणी चालता यावं, चिखलात जाता यावं, उकिडवं बसता यावं म्हणून, परदेशी पाय तर बुटात घालायलाच केलेले असायचे, त्यामुळे आपल्या माणसाचा मान त्या पायातच आहे असं मला वाटतं. शिबिरवाल्यांचं तसं नाही. मी गेलो तिथे सकाळी माप, संध्याकाळी पाय, मधे स्टेजवर पाहुणे आणि हारतुरे. माझी पँट वर करून फोटो काढला, विचारलं कोणीच नाही. माप घेणारा सगळे प्रश्न बायकोला विचारत होता, मी शेजारीच बसलेलो. दुखतंय म्हटलं की "सवय होईल". दोन-तीन महिन्यांत स्टंप, म्हणजे कापून उरलेला पाय, आटला (आटतोच, सुरुवातीचे बरेच महिने सूज उतरत असते), तो ज्यात बसतो ते सॉकेट ढिलं झालं, नडगीवर जखम झाली, आणि बॅनरवरचा नंबर लागेचना.

सेंटरवर एसी, चहा, "या सर". आणि मी चार पावलं चालून दाखवायच्या आधीच समोर लाखांतला कार्बन फूट, म्हणजे कार्बन फायबरचं पाऊल. पण माप घेतल्यावर आधी पारदर्शक चेक सॉकेट (ट्रायलचं) घालून बघितलं, कातडी कुठे दाबून पांढरी पडते ते मलाही दाखवलं, आणि टोचतं म्हटलं तिथे गरम करून सैल केलं, वाद न घालता. हा फरक मला पैशापेक्षा मोठा वाटला. खटकलं ते कोटेशन, सगळं मिळून एकच आकडा, सॉकेट पुन्हा करावं लागलं तर किती ते कुठेच नाही. हे आधी लिहून घ्या, मी घेतलं नव्हतं.

जाब विचारायची वेळ आली तर पावती असलेला माणूस ग्राहक आयोगात (पूर्वीचा ग्राहक मंच) जाऊ शकतो. सगळ्यांनाच पूर्ण फुकट दिलेली सेवा त्यात बसत नाही, सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये डॉक्टरांच्या केसमध्ये हे सांगितलंय. प्रोस्थेटिस्टची, म्हणजे कृत्रिम पाय बसवणाऱ्याची, नोंदणी मात्र भारतीय पुनर्वसन परिषदेकडे लागतेच, १९९२ चा कायदा आहे, तो नंबर दोन्हीकडे बिनधास्त मागा.

आता आपली बाजू, कारण मीपण धुतल्या तांदळाचा नाही. स्टंपवर तीन मोजे घालतो असं सांगितलं आणि घालत होतो एक, उन्हाळ्यात कोण घालणार, सेंटरच्या त्या बिचाऱ्या प्रोस्थेटिस्टने अख्खी दुपार सॉकेट घासण्यात घालवली आणि शेवटी मीच कबूल केलं. दोन अपॉइंटमेंट न सांगता बुडवल्या त्या वेगळ्याच.

तिसरा रस्ता सरकारी. मुंबईत हाजी अलीची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. पुण्यात वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं, सैनिकांसाठी काढलेलं, पण तिथे सिव्हिलियनही घेतात. वेळ जास्त जातो, पण सहा महिन्यांनी गेलात तरी इमारत तिथेच असते.

त्या मुलाला मी सांगितलं, शुगरवाल्याला जखम झालेली कळतच नाही बऱ्याचदा, त्यामुळे एका दिवसात येऊन जाणाऱ्या शिबिरात वडिलांना नेऊ नकोस. ज्यांचं कायमचं सेंटर एसटीने गाठता येईल असं कोणी असेल तर फुकटचा पाय खुशाल घे, जयपूर फूट देणाऱ्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीची तशी सेंटरं आहेत, पहिलं सॉकेट तसंही बदलावंच लागतं. महागाचा फूट स्टंप स्थिर झाल्यावर. आणि फोटोला नको म्हणायचं, पाय काही परत घेत नाहीत, माझ्या पुढच्या नंबरवाल्याने स्पष्ट नको म्हटलं होतं, आणि तो माझ्याआधी पाय घालून घरी गेला.