धर्मग्रामाच्या शाळेचा इतिहास लिहिताय? आधी सॅनबॉर्न नकाशे उघडा

अमेरिकेतल्या कॅथलिक धर्मग्रामांच्या (पॅरिश, म्हणजे एका चर्चभोवतीचा भाविकांचा समुदाय) प्राथमिक शाळांच्या स्मरणिका चाळल्या की एक घोळ हमखास सापडतो: शाळा सुरू झाल्याचं साल आणि इमारत उभी राहिल्याचं साल एकात एक मिसळलेलं. वर्ग अनेकदा चर्चच्या तळघरात किंवा जुन्या लाकडी चर्चमध्ये भरायचे, विटांची इमारत मागाहून यायची; स्मरणिका मात्र दोन्ही गोष्टी एकाच ओळीत उरकते. हा गुंता सोडवायला लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरचे सॅनबॉर्न नकाशे, म्हणजे शहरांतल्या इमारती एकेक करून दाखवणारे जुने नकाशे, फार कामाचे. फुकट आहेत, खातंही उघडावं लागत नाही.

हे नकाशे आगीच्या विम्यासाठी काढलेले. ते काढणाऱ्या सॅनबॉर्न कंपनीचा धंदा १८६७ साली सुरू झाला. विमा कंपनीला इमारत कशाची, किती मजली, छप्पर कसलं आणि शेजारी काय, एवढंच हवं असायचं. इतिहास लिहिणाऱ्यालाही नेमकं तेच हवं असतं. गुलाबी रंग म्हणजे वीट, पिवळा म्हणजे लाकूड, निळा म्हणजे दगड. कोपऱ्यातला आकडा मजल्यांचा. शाळा-चर्चवर तर गरम करायची सोय वाफेची की शेगडीची, दिवे गॅसचे की विजेचे, हेही बारीक अक्षरांत असतं. एकाच गुलाबी आकृतीत खाली शाळा आणि वर चर्च अशी नोंद दिसली, तर समजावं की त्या वेळी पैसे एकाच इमारतीपुरते होते. ही जोडइमारत फार ठिकाणी सापडते, आणि स्मरणिकांमधून ती अनेकदा गळालेली असते.

शोधायची रीत सोपी आहे. आधी राज्य, मग शहर, मग साल निवडायचं. थेट पानं उलटत बसू नका. पहिल्या पानावर रस्त्यांची सूची आणि तिच्याजवळच चर्च, शाळा, कारखाने यांची नावानिशी यादी असते. तिथून पानाचा क्रमांक घ्या. मोठ्या शहरांचे अनेक खंड असतात, तेव्हा आधी खंड बरोबर आहे ना, ते पाहा. पत्ता जुळत नसेल तर रस्त्याच्या घरक्रमांकांची मधल्या काळात फेरमांडणी झाली असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी क्रमांक सोडून चौकाचा कोपरा धरा. जर्मन आणि पोलिश लोकांची वेगळी धर्मग्रामं असलेल्या शहरांत दोन कॅथलिक शाळा दोन गल्ल्यांच्या अंतरावर असू शकतात. नुसतं ‘कॅथलिक शाळा’ वाचून हुरळू नका.

एकाच शहराच्या नकाशाच्या निदान दोन सालांच्या आवृत्त्या शेजारी ठेवाच. १८८४ साली अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांच्या बाल्टिमोरच्या तिसऱ्या धर्मपरिषदेने चर्चजवळ शाळा नसेल तर ती दोन वर्षांत उभारावी असं ठरवलं. सगळ्यांना ते जमलं नाही. त्या सालाच्या अलीकडची आणि पलीकडची आवृत्ती पाहिली की आपल्या धर्मग्रामाने हुकूम किती मनावर घेतला, ते कळतं. पण एका आवृत्तीत इमारत नाही आणि पुढच्या आवृत्तीत आहे, यावरून ती मधल्या काळात झाली एवढंच म्हणता येतं. नेमक्या सालासाठी कोनशिलेची बातमी शोधा; ‘कॅथलिक न्यूज आर्काइव्ह’वर जुनी कॅथलिक वर्तमानपत्रं फुकट वाचायला मिळतात.

सर्वांत फसवी गोष्ट डकवलेल्या तुकड्यांची. कंपनी नवा नकाशा काढण्याऐवजी दुरुस्तीचे छापील तुकडे पाठवायची आणि ते जुन्या पानावर डकवले जायचे. त्यामुळे पानावर जुनं साल आणि इमारत कितीतरी नंतरची, असं होतं. पान मोठं करून तुकड्याची कड दिसते का पाहा, आणि दुरुस्तीची तारीख कुठे नोंदली आहे का, तेही तपासा.

मोजमापाचं प्रमाण बहुतेक पानांवर एका इंचाला ५० फूट. म्हणजे दोन इंचांची भिंत शंभर फुटांची. घरी छापलं की मूळचं २१ बाय २५ इंचांचं पान आक्रसतं आणि हे गणित कोसळतं. मोजायचं ते पानावरच्या मोजपट्टीनेच. काम नुसतं वाचण्याचं असेल तर जेपेग फाइल पुरे, छपाईसाठी मोठी टिफ फाइल उतरवा.

उणिवा आहेतच. वस्ती दाट तेवढाच भाग काढलेला, त्यामुळे शेताडीतली शाळा बहुधा सापडणार नाही. स्वामित्वहक्कामुळे नंतरच्या दशकांचे सगळे नकाशे इथे नाहीत. विद्यार्थी किती, शिकवणाऱ्या धर्मभगिनी किती, हे नकाशा सांगत नाही. त्यासाठी दरवर्षी निघणारी कॅथलिक निर्देशिका पाहावी लागते, आणि तिथला गोल आकडा जरा जपूनच वापरावा. प्रोक्वेस्ट या डिजिटल संग्रह पुरवणाऱ्या कंपनीचा सॅनबॉर्न नकाशांचा संच ग्रंथालयांमार्फत मिळतो आणि तो १९७० पर्यंत येतो, पण मायक्रोफिल्मवरून केलेला, कृष्णधवल. वीट की लाकूड हे रंगावरून कळायचं, तेच त्यात जातं. म्हणून आधी लायब्ररी ऑफ काँग्रेसची रंगीत प्रत, आणि फक्त उरलेल्या सालांसाठी प्रोक्वेस्टची.