अडुसष्टची मस्टँग घ्यावी की आजची इकोबूस्ट?

न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या माणसाला फोर्डच्या जुन्या मस्टँगचं वेड लागलं तर नवल नाही. फोर्डचा मेटाचन कारखाना एडिसनमध्येच होता, 2004 मध्ये बंद पडला. 1968च्या गाडीच्या चासी नंबरात दुसऱ्या जागी टी दिसला, तर ती गाडी तिथेच जन्मलेली. पाचव्या जागी एस असेल तर मूळ इंजिन 390, म्हणजे 390 घनइंचांचं. हे पाचव्या जागचं अक्षर आधी बघा, कारण नुसता जीटीचा, म्हणजे स्पोर्टी आवृत्तीचा, बिल्ला कुणीही चिकटवतो.

कागदावर दोघी सारख्याच. जीटी 390ला 6.4 लिटरचं व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, 325 हॉर्सपॉवर. 2024च्या इकोबूस्टला, म्हणजे छोट्या टर्बो इंजिनाच्या मस्टँगला, 2.3 लिटर, चारच सिलिंडर, 315 हॉर्सपॉवर. फसू नका. 1972च्या आधी अमेरिकेत ताकद मोजायची ती नुसतं इंजिन स्टँडवर चढवून, त्याच्या गळ्यात एअर क्लीनर, सायलेन्सर वगैरे लोढणी न अडकवता. आजचा आकडा सगळा संसार जोडून मोजलेला असतो. सिग्नलवर शेजारी उभ्या केल्या तर नवी पुढे निघून जाईल, आणि वळणावर तर विचारूच नका: जुनीचं नाक त्या अवजड इंजिनानं जड झालेलं, स्टिअरिंग फिरवलं तरी ती आधी सरळच जायला बघते.

मग जुनी कशाला? थंडीतल्या सकाळी पेडल एकदा पूर्ण दाबून चोक लावायचा, किल्ली फिरवायची, इंजिन दोनदा खोकतं, मग सगळी गाडी एका बाजूला कलून थरथरते. गॅरेजभर पेट्रोलचा वास. हे नवीत कुठून आणणार? 2015च्या इकोबूस्टमध्ये तर इंजिनाचा आवाज केबिनमधल्या स्पीकरमधून वाढवून ऐकवायला लागले. मला ते लग्नात रेकॉर्डवर सनई लावल्यासारखं वाटतं. शिवाय 2024च्या इकोबूस्टला मॅन्युअल गिअर मिळतच नाही, दहा गिअरचा ऑटोमॅटिकच घ्यावा लागतो.

पण रोज ऑफिसला जायचं, मागे पोरं बसवायची, तर इकोबूस्टच घ्या. एअरबॅग, एबीएस, हायवेला गॅलनमागे तीसेक मैल. जुनी दहा-बारावर आली तरी खूश व्हायचं. टर्बोला वेळच्या वेळी चांगलं ऑइल घाला, बाकी बॉनेट उघडायचं काम फारसं पडत नाही. जुनीच्या विम्यात ठरलेली किंमत मिळते हे खरं, पण बहुतेक वेळा अट असते की गाडी बंद गॅरेजात राहील आणि रोजच्या वापरात येणार नाही. म्हणजे ती दुसरीच गाडी झाली.

घरात रोजची गाडी आधीच असेल आणि रविवारी हात काळे करायची हौस असेल, तर माझं मत जुनीला. फक्त 390च्याच मागे लागू नका. 302 व्ही-एट हलकं, वळणावर बरं, आणि त्याचे सुटे भाग मुबलक.

बघायला जाताना पाण्याची बाटली न्या. पुढच्या काचेखाली जाळी असते, तिच्यात मालकाला विचारून हळूहळू पाणी ओता आणि आत वाकून डॅशबोर्डखालच्या कार्पेटवर हात फिरवा. ओलं लागलं तर आतला पत्रा सडलाय. तो बदलायला पुढच्या अंगाचं बरंच काही उतरवून वेल्डिंग तोडावं लागतं. वरचा रंग कितीही आरशासारखा असो, किंमत तिथून खाली बोलायला सुरुवात करा.