फोमचं चितळ आणि डोळ्याने मोजायचं अंतर: गोरेगावातली थ्रीडी तिरंदाजी

मॉलमधल्या पाच बाणांच्या तिरंदाजीवर समाधान होत नसेल, तर गोरेगाव पूर्वेच्या या खासगी रेंजवर जाच. तासाला ६०० रुपये, बाणांसकट. पुढचा भाग नेहमीसारखा, गोल टार्गेटांचा. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. खरी मजा मागच्या उतारावर आहे.

मी कंपाउंड, म्हणजे टोकांना कप्प्या असलेलं धनुष्य चालवते. आमच्या स्पर्धेत टार्गेट ५० मीटरवर असतं, साइट (धनुष्यावरची नेम धरायची खूण) एकदा लावली की अंतराचा विचार संपला. इथे झाडांमध्ये फोमचे प्राणी उभे केलेत: रानडुक्कर, चितळ, वरच्या अंगाला सांबर. अंतर कोणी सांगत नाही आणि रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजायचं यंत्र, काउंटरवर जमा करावं लागतं. नेम धरायच्या जागी रोवलेल्या खुंटीशी उभं राहून डोळ्यानेच अंदाज बांधायचा. थ्रीडीचे आंतरराष्ट्रीय नियमही असेच आहेत. कंपाउंडला जास्तीत जास्त ४५ मीटर, बेअरबो आणि लाँगबो या साइट नसलेल्या साध्या धनुष्यांना ३०; गुण ११, १०, ८ आणि ५.

चितळ खांद्याशी जेमतेम ९० सेंटिमीटर, म्हणून ते हमखास लांब वाटतं. आपण साइट जास्त अंतराला लावतो आणि बाण पाठीवरून निघून जातो. गुणांची वर्तुळं फोममध्ये नुसती कोरलेली असतात, लांबून दिसत नाहीत. तिथले प्रशिक्षक सर मागे उभे राहून म्हणाले, "ताई, वर्तुळ शोधू नका. पुढच्या पायाची रेघ वर न्या, अंगाच्या खालच्या तिसऱ्या भागात थांबा." खऱ्या जनावराचं हृदय आणि फुप्फुसं तिथेच असतात. सांबरावर खालून वर नेम धरावा लागतो. चढ असो वा उतार, बाण किती खाली येणार हे आडव्या अंतरावर ठरतं; त्यामुळे दिसतं त्यापेक्षा कमीच धरायचं. हे पुस्तकात वाचलेलं वेगळं आणि दहाचा ठोका लागल्यावर हाताला कळलेलं वेगळं!

ही शिकारीची तयारी का, असं घरी विचारतात. अजिबात नाही. आपल्याकडे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. अमेरिकेत परवाना काढून, हंगामात, सरकारी जंगलात क्रॉसबोने (बंदुकीसारखा चाप असलेलं आडवं धनुष्य) हरणाची शिकार करतात. तेही आधी अशाच फोमवर हात बसवतात. मला त्यातला नेम हवा, जनावर नको.

क्रॉसबोची लेन वेगळी आहे. पुढच्या कडीत पाय रोवून दोरीच्या दोन मुठींनी तार ओढायची. दोरीमुळे जोर जवळपास निम्माच लागतो. अंगठा रुळाच्या, म्हणजे तार धावते त्या पट्टीच्या, वर आला की सर तिथल्या तिथे थांबवतात, कारण सुटलेली तार बोट कापू शकते. बोल्ट (क्रॉसबोचा आखूड बाण) न लावता चाप ओढायची सक्त मनाई, त्याने धनुष्याचे हात तुटतात. या बाबतीतली त्यांची शिस्त मला मनापासून आवडली. नेम मात्र इथे फार लवकर लागतो, ताण धरून ठेवायचं काम यंत्रच करतं. मी परत चितळाकडे गेले.

२०२३मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे, दोघंही कंपाउंडमध्ये जगज्जेते झाले, तेव्हापासून माझी भाची मागे लागली होती. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा असणार म्हटल्यावर तर विचारूच नका. तिला मोठं धनुष्य हवं होतं. सरांनी ओढायला १४ पौंड जोर लागणारंच दिलं, खांदा वर जाईना तेव्हाच पुढचं मिळेल म्हणाले. बरोबर केलं. लहान मुलांच्या हातात जड धनुष्य देऊन फोटो काढणारे क्लास मी पाहिलेत, चीड येते.

एका गोष्टीवर मात्र मी गप्प बसणार नाही. भाड्याच्या कार्बन बाणांपैकी एक कानाशी वाकवला तर करकरला, दोन बाणांचे नॉक (तार अडकते ती मागची खाच) सैल होते. तडा गेलेला बाण सोडताना फुटला तर हातात घुसतो. सांगितल्यावर लगेच बदलून दिले, पण ही तपासणी गिऱ्हाईकाच्या हातात बाण देण्याआधी व्हायला हवी. तुम्हीही प्रत्येक बाण वाकवून, कान देऊनच घ्या.

रविवारी उतारावर रांग लागते, शनिवारी सकाळी जा. बाह्या घट्ट हव्यात, ओढणी नको. पावसाळ्यात मागचा भाग बंद असतो, आधी फोन करा.